मोसंबी रोपवाटिकेची वेबसाइट गूगलमधे दिसंना, दर महिन्याला एसईओचे पैसे मात्र चालूच

बदनापूरकर_पोरगा

नमस्कार मंडळी. मामाची मोसंबीची रोपवाटिका आहे बदनापूरच्या पुढं. शासनमान्य आहे, लायसन-बियसन सगळं रीतसर, रंगपूर लिंबाच्या खुंटावर न्यूसेलर जातीच्या मोसंबीचे डोळे भरतात, म्हणजे कलम करतात, सोबत थोडं कागदी लिंबू पण असतं. गिऱ्हाईक आतापर्यंत तोंडोतोंडीच यायचं, अंबड, घनसावंगी, पैठण, गेवराई इकडलं, पण आता जो तो आधी मोबाईलवर बघायलाय आन् मग फोन करायलाय, म्हणून मामानं गेल्या वर्षी वेबसाइट करून घेतली. ज्यानं केली त्यानंच सांगितलं की नुसती वेबसाइट करून काही होत नसतं, एसईओ, म्हणजे साइट गूगलमधे वर दिसावी म्हणूनचं काम, करावं लागतं, त्याचे दर महिन्याला वेगळे पैसे, मग 'गॅरंटीनं पहिल्या पानावर आणून देतो'. मामा इमानदारीत देतोय.

आता मी सुट्टीला घरी आलो तर सगळं माझ्याच गळ्यात, तू कॉलेजात कंप्युटर शिकायलास ना मग बघ म्हणे. (मी बीएस्सी ॲग्रीला आहे. पण मामाला कोण सांगणार.)

तर गोम अशी आहे की माझ्या फोनवर नाव टाकलं की वेबसाइट बरोबर वरती येते, एक नंबरला. मित्राच्या फोनवर तेच नाव टाकलं तर नामोनिशाण नाही. मामा म्हणतो माझ्या फोनवर तर येते की, मग अडचण काय. त्या माणसाला विचारलं तर तो रंगीत रिपोर्ट पाठवतो, त्यात लिहिलेलं असतं या महिन्यात इतक्या बॅकलिंक केल्या, डोमेन अथॉरिटी इतकी वाढली, मला त्यातलं शष्प कळत नाही. लागवडीचा सीझन तोंडावर आलाय, जूनच्या आत काही झालं तर झालं.

विचारायचं एवढंच की हे नेमकं कामून दिसंना, पैसे देत राहायचे का बंद करायचे, आन् मला स्वतःला शिकून यातलं काही करता येईल का? फुकटात झालं तर मामा खूश.

---

कोडवाला_चिकलठाणा

लिंक मेसेजमधे पाठवलीस ती बघितली भावा. आधी फोनचं कोडं सोडवू. तुझ्या फोनवर जे वरती येतं ते गूगलचं उत्तर नाहीच, तू क्रोमच्या पट्टीत नाव टाइप करतोस आन् क्रोम तू आधी उघडलेली साइट हिस्टरीतून काढून पुढं करतो. मामाच्या फोनवर पण तेच. क्रोमची इन्कॉग्निटो खिडकी उघड, तिथं जुनी हिस्टरी मधे येत नाही, गूगलच्या पानावर जा आन् तिथं टाक, मग खरं काय ते कळेल. तिथं पण लोकेशनचा फरक पडतो बरं का, बदनापुरात बसून शोधलं आन् पुण्यात बसून शोधलं तर निकाल वेगळे येऊ शकतात, त्यामुळं 'मी एक नंबरला आहे' हे वाक्यच जरा फसवं असतं.

आता मुख्य. गूगलला एखादी साइट माहीत तरी आहे का हे बघायची सोपी युक्ती आहे. इंग्रजी अक्षरांत 'साइट' लिहायचं, एस आय टी ई, त्याला लगेच चिकटून कोलन आन् कोलनला चिकटूनच तुमच्या डोमेनचं नाव, म्हणजे साइटचा पत्ता. मधे जागा सोडायची नाही. आन् हे शब्द इंग्रजीतच टाकायचे, देवनागरीत लिहून चालत नाहीत. मी तुमचं टाकलं. शून्य. एक पान नाही.

म्हणजे पहिलं पान की दहावं पान हा विषयच नाही, तुम्ही शर्यतीत नावच दिलेलं नाही. मग मी पानाचा सोर्स, म्हणजे पानामागचा कोड, उघडून बघितला तर वरच लिहिलंय, रोबोट्स, नोइंडेक्स. याचा अर्थ साइट स्वतःच गूगलला सांगायलीय की मला तुझ्या यादीत घेऊ नको. साइट वर्डप्रेस नावाच्या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर आहे, त्यात सेटिंग्जमधे रीडिंग नावाचं पान असतं, तिथं खाली 'सर्च इंजिन व्हिजिबिलिटी' समोर एक टिक असते. साइट अर्धवट असताना ती टिक लावून ठेवतात, काम झालं की काढायची असते. ती काढलीच नाही.

आता विचार कर, जो माणूस गॅरंटीचे पैसे दर महिन्याला घ्यायलाय त्यानं एवढ्या काळात एकदाही स्वतः गूगलवर तुमची साइट शोधून बघितली नाही. बाकी तू समज. गूगलच्याच मदत पानांवर स्पष्ट लिहिलंय की एक नंबरची गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही.

पण नुसती टिक काढून पण काम भागणार नाही. तुमचं पहिलं पान म्हणजे छापलेल्या पत्रकाचा फोटो आहे. वरती देवाचं चित्र, खाली 'उत्तम प्रतीची खात्रीशीर कलमे', फोन नंबर, सगळं एका जेपीजीत. माणसाला दिसतं सगळं पण गूगलसाठी तिथं मजकूर असा नाहीच. कंप्युटरवर माउसनं ओळ निवडून बघ, निवडली जात नसेल तर ती अक्षरं नाहीत, चित्र आहे. आन् पानाचं टायटल काय आहे माहितीय? 'होम'. फक्त होम. गूगलमधे जी निळी ओळ दिसते ती बहुतेक वेळा त्या टायटलवरूनच येते, म्हणजे टिक काढल्यावर जगाला दिसणार काय तर 'होम'. खाली 'वेलकम टू अवर नर्सरी'. अख्ख्या पानात मोसंबी हा शब्द अक्षरांत कुठंच नाही रे.

---

बदनापूरकर_पोरगा

दादा डोकंच बधिर झालं वाचून. मामाला अजून सांगितलं नाही, जेवण झाल्यावर सांगतो.

पत्रकाचं खरंय, जालन्यात छापून घेतलेलं पत्रक होतं तेच दिलं होतं त्याला. माझ्याकडं पत्रकाची मूळ फाइल पण आहे, त्यातनं मजकूर कॉपी करून पेस्ट केला तर नुसतं इंग्रजी एबीसीडी आन् चिन्हांचं भजं येतं, मराठी येतच नाही. आन् पानावर लिहायचं तरी काय, मला तर सुचंना. 'आमच्याकडे उत्तम रोपे मिळतील' याच्या पुढं गाडी जाईना.

---

अंबडचा_बागवान

मी वेबसाइटवाला नाही, गिऱ्हाईक आहे, तर गिऱ्हाईकाच्या बाजूनं सांगतो. गेल्या साली दोन एकर लागवड केली, वीस बाय वीसवर, एकरी साधारण एकशे आठ झाडं बसतात, वर तूटफुटीसाठी थोडी जास्त धरली. रोपं मोबाईलवरच शोधली. आता मी टाइप बिइप करत नाही, माइकचं बटण दाबतो आन् बोलतो, 'मोसंबीचं रोप किती रुपयाला आहे'. पोरगं टाइप करतं ते इंग्रजी अक्षरात मराठी, मोसंबी रोप प्राइस असं काहीतरी. बायको म्हणाली तालुक्याचं नाव टाका जवळचं सापडेल, मग 'मोसंबी रोपवाटिका जालना' असं बोललो.

निघालं काय, तर आधी यूट्यूबचे व्हिडिओ, मग परराज्यातल्या मोठमोठ्या ऑनलाइन दुकानांची पानं ज्यात कुंडीतलं एक रोप घरपोच पाठवतात, मग नकाशात तीन चार नर्सऱ्या. त्यातल्या कुणीच रेट लिहिलेला नाही. प्रत्येक ठिकाणी 'संपर्क करा'. आता उन्हातान्हात दहा जणांना फोन करायचा का मी?

मला काय पाहिजे होतं ते सांगतो, मामाला सांग. खुंट कोणता, रंगपूर का जंबेरी. डोळा जमिनीपासून किती उंचीवर भरलाय, वीतभर तरी वर पाहिजे, नाहीतर माती लागून डिंक्या, खोडातनं डिंक गळायचा रोग, यायला वेळ लागत नाही. रोप किती महिन्याचं. पिशवीतलं का कसं. रेट काय, आन् शंभराच्या वर घेतले तर काय. गाडीत भरून देता का, गाडी कुठवर येते. आन् सगळ्यात मोठं म्हणजे फळबाग योजनेत बसवायचं तर शासनमान्य नर्सरीचं पक्कं बिल देता का. एका नर्सरीनं नुसता एक फोटो टाकला होता, रोपाच्या बाजूला माणसाचा हात धरलेला, डोळ्याची गाठ कुठं आहे ते वितीनं मोजून दाखवलेलं. बाकी काही नव्हतं त्याच्या पानावर, रेटसुद्धा नव्हता, तरी मी त्यालाच फोन केला.

---

ग्रंथपाल_लातूर

बागवान दादांनी अर्धं काम करून टाकलं. बदनापूरकर, पानावर काय लिहायचं ते तुझ्या डोक्यातून काढायचंच नाही, शोधणाऱ्याच्या तोंडून काढायचं. मी कॉलेजच्या ग्रंथालयात आहे, माझं रोजचं काम पोरांना शोधायला शिकवणं, रँकिंग वगैरे मला येत नाही पण शोधणं येतं आणि माझ्या मते जो नीट शोधू शकतो त्याला सापडेल असं लिहिताही येतं.

आत्ता हे कर. इन्कॉग्निटोमध्ये गूगल उघड, नुसतं 'मोसंबी' लिही आणि एक स्पेस दे, एंटर दाबू नकोस. खाली सूचना येतात ना, त्या लोकांनी खरंच शोधलेल्या गोष्टींवरून येतात. मग 'मोसंबी रोप', 'मोसंबी लागवड', 'मोसंबी खुंट' असं एकेक पुढे लिहून बघ. तेच इंग्रजी अक्षरांत कर, वेगळ्याच सूचना येतील. निकालाच्या पानावर मधेच 'लोक हेही विचारतात' असा चौकोन येतो, त्यातले प्रश्न वहीत उतरव. हे प्रश्न म्हणजेच तुझ्या पानावरच्या उपमथळ्यांची यादी. स्पेलिंगचा गोंधळ पण बघून ठेव, न्यूसेलर, नुसेलर, न्युसेलर, तिन्ही लोक लिहितात. गूगल बऱ्याचदा समजून घेतं, पण मराठीत इंग्रजीइतकं नाही असा माझा अनुभव, त्यामुळे मजकुरात एखाद्या ठिकाणी वेगळं रूप सहज आलं तर बरं. सहज म्हणतेय, रांगेत दहा स्पेलिंगं लावून ठेवू नकोस, ते वाचायला भयंकर दिसतं.

तुझ्या पत्रकाच्या फाइलचं जे भजं झालंय ना, ते जुन्या फॉन्टमुळे. श्रीलिपी, कृतिदेव या जातीच्या फॉन्टांत आत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, वरून फक्त मराठी दिसतात. फॉन्ट काढला की उघडी पडतात. युनिकोडमध्ये आत पण खरंच मराठी अक्षर असतं, म्हणून गूगलला ते वाचता येतं. कन्व्हर्टर मिळतात ऑनलाइन, त्यातून काढ, पण जोडाक्षरं तपासून घे, रफार नेहमी गडबडतात. एवढासाच मजकूर असेल तर सरळ फोनवर बोलून टाइप कर.

आणि हाच फॉन्टचा प्रकार शोधताना पण आडवा येतो, म्हणून सांगते. सरकारी साइटांवर कितीतरी जुनी मराठी पीडीएफ एकतर अशा फॉन्टांत आहेत नाहीतर स्कॅन केलेले फोटो आहेत. तुम्ही अगदी बरोबर मराठी शब्द टाकला तरी ती निघत नाहीत, कारण फाइलच्या आत तो शब्दच नाही. स्कॅन केलेलं गूगल कधीकधी वाचतं, पण मराठी मोडकंतोडकं. मग काय करायचं, तर फाइलच्या आतलं सोडून द्यायचं आणि जिथे तिची लिंक आहे ते पान शोधायचं.

उदाहरणच घेऊ. फळबाग योजना म्हणजे भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना, २०१८ साली सुरू झालेली. तिचा जीआर तुला पाहिजे, म्हणजे पानावर नीट माहिती देता येईल. नुसतं नाव टाकलंस तर युट्यूबर आणि 'असा करा अर्ज'वाल्या साइटा निघतात, त्यातल्या निम्म्या एकमेकांचं उतरवलेल्या. त्याऐवजी योजनेचं नाव दुहेरी अवतरणात टाक, म्हणजे ते शब्द त्याच क्रमाने असलेली पानं वर येतात. मग कोडवाल्यांनी सांगितलेलं ते साइट कोलन लावून पुढे महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन. म्हणजे बाकी सगळं गाळून फक्त राज्य सरकारच्या साइटा. फक्त पीडीएफ पाहिजेत तर इंग्रजीत फाइलटाइप, कोलन, पीडीएफ. व्हिडिओवाले नकोत तर इंग्रजीत यूट्यूब लिहून त्याच्या आधी वजाचं चिन्ह चिकटवायचं. तारखेसाठी इंग्रजीत आफ्टर, कोलन आणि साल. शासन निर्णयाच्या शेवटी एक सांकेतांक छापलेला असतो, तो मिळाला की शासन निर्णयांच्या साइटवर थेट त्यानेच शोधायचं, मग नावाच्या स्पेलिंगची कटकटच नाही.

मोसंबीचं शास्त्र पाहिजे तर परभणीचं कृषी विद्यापीठ आणि नागपूरची लिंबूवर्गीय संशोधन संस्था, दोघांच्या साइटवर साइट कोलन लावून शोध. तू ॲग्रीचा आहेस, तुला काय शोधायचं ते माझ्यापेक्षा जास्त कळेल. तुमच्या बदनापुरातच विद्यापीठाचं मोसंबी संशोधन केंद्र आहे, तिथे तर चालत जाऊन विचार, सगळं गूगललाच विचारायचं असं थोडंच आहे.

अजून एक, जुनं काही शोधताना जिल्ह्याचं आत्ताचं नाव टाकून फसतात पोरं. जालना जिल्हा झाला १ मे १९८१ ला. त्याआधी बदनापूर, अंबड, भोकरदन हा सगळा भाग औरंगाबाद जिल्ह्यात आणि परतूर परभणीत. म्हणजे सत्तरच्या दशकातला शेतीचा अहवाल 'जालना जिल्हा' म्हणून शोधला तर कुठून मिळणार? तसंच आमचा लातूर १९८२ पर्यंत उस्मानाबादेत. निजामाच्या काळातलं १८८४ चं औरंगाबादचं गॅझेटियर इंग्रजीत आहे आणि आर्काइव्ह डॉट ऑर्गवर वाचायला मिळतं, त्यात गावांची स्पेलिंगं बघितली तर आज कुणी तशी टाइपच करणार नाही.

---

हळदवाला_नांदेड

एवढा अभ्यास करून पोरगं एमपीएससीच पास होईल की हो ताई 😄

राग मानू नका कुणी पण मी स्पष्ट सांगतो. वेबसाइटचा नाद सोड. आमच्याकडं पण असाच एक आला होता, हजार बॅकलिंक, म्हणजे दुसऱ्या साइटवरनं आपल्याकडं येणाऱ्या लिंका, देतो म्हणायलता, लिंका बघितल्या तर रशियातल्या कुठल्या तरी जुगाराच्या साइटवर आमच्या हळदीचं नाव. याला कोण हळद विकत घेणार तिथनं? मी त्याच दिवशी त्याला रामराम घातला. मोसंबीची रोपं काय अमेरिकेत पाठवायची नाहीत, पन्नास शंभर किलोमीटरच्या आतलं गिऱ्हाईक आहे. नकाशात नर्सरी दिसली पाहिजे आन् व्हॉट्सॲपचे ग्रुप पाहिजेत, बास. बाकी एसईओ बिसिओ म्हणजे पैसे उकळायचे धंदे.

---

कोडवाला_चिकलठाणा

हळदवाले, अर्धं पटलं अर्धं नाही.

बॅकलिंकचं शंभर टक्के बरोबर. लिंकांचं हे खूळ आलं कुठून तर लॅरी पेज आन् सर्गी ब्रिननं स्टॅनफर्डला असताना पेजरँक काढलं, १९९८ मधे त्याच्यावरच गूगल उभं राहिलं, कल्पना अशी की दुसरी चांगली पानं तुमच्याकडं बोट दाखवत असतील तर तुमच्यात काहीतरी असेल. मग लोकांनी बोटंच विकायला काढली. २०१२ ला गूगलनं पेंग्विन नावाचा बदल आणला आन् असल्या विकतच्या लिंकवाल्यांना धडाधड खाली ढकललं. आन् मेटा कीवर्ड म्हणून जो एक डबा भरून देतात आन् त्याचे पैसे लावतात, तो आम्ही रँकिंगला वापरतच नाही असं गूगलनं २००९ मधेच जाहीर करून टाकलंय. रिपोर्टमधलं डोमेन अथॉरिटी म्हणजे खाजगी कंपन्यांनी काढलेला आकडा, गूगलचा त्याच्याशी संबंध नाही.

खऱ्या लिंका पाहिजेत तर जिथं नातं आहे तिथं माग. ठिबकवाल्या दुकानदाराची साइट असेल, शेतकरी उत्पादक कंपनीची असेल, कुण्या स्थानिक पोर्टलनं मोसंबीवर बातमी केली असेल. दोन आल्या तरी रग्गड.

नकाशाचं पण बरोबर, आन् बदनापूरकर, हेच आधी कर, वेबसाइटच्या पण आधी. गूगल बिझनेस प्रोफाइल फुकट आहे. गूगल सांगतं की नकाशातला क्रम तीन गोष्टींवर ठरतो, शोधणाऱ्याला पाहिजे ते तुमच्याकडं आहे का, तुम्ही किती जवळ आहात आन् तुमचं नाव किती झालेलं आहे. जवळ-लांब आपल्या हातात नाही, बाकी दोन आहेत. प्रकार निवडताना दुकान बिकान नाही, रोपवाटिका निवड. नाव पाटीवर आहे तेच आन् तेवढंच. लोक 'बेस्ट मोसंबी नर्सरी जालना औरंगाबाद स्वस्त' असलं नाव ठेवतात, ते नियमाबाहेर आहे, कुणी तक्रार केली तर प्रोफाइलच बंद पडतं. पिन गेटवर ठेव, हायवेच्या कडंला नाही, नाहीतर गिऱ्हाईक टेम्पो घेऊन उसात शिरतं. सीझनला वेळ वेगळी असेल तर बदलत जा. रोपं नेलेल्या लोकांना रिव्ह्यू मागा, मामानं फोनवर 'कसं निघालं रोप' विचारलं की लगे हात लिंक पाठवायची. फुकटची रोपं देऊन किंवा पैसे देऊन रिव्ह्यू घ्यायचे नाहीत, नियमात बसत नाही आन् ते कळतात पण.

पण व्हॉट्सॲप बास हे नाही पटलं. ग्रुपमधे जे लिहिलं ते ग्रुपमधेच, गूगलला त्यातलं अक्षर दिसत नाही. बागवान काका तुमच्या ग्रुपात नव्हते ना, ते माइकमधे बोलत होते. रंगपूर का जंबेरी, डोळा किती उंचीवर, बिल मिळतं का, याचं उत्तर नकाशाच्या छोट्याशा चौकटीत मावत नाही, त्याला पान लागतं. एकच नीट पान.

त्या पानाचं टायटल 'होम' काढून 'मोसंबी रोपे – रंगपूर खुंट, शासनमान्य रोपवाटिका, बदनापूर जि. जालना' असं काहीतरी. पत्त्याच्या ओळीत छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) पासून किती किलोमीटर ते लिहा. २०२३ ला नाव अधिकृत बदललं तरी कितीतरी लोक टाइप करताना जुनंच टाकतात, दोन्ही नावं एकदा आली की झालं. मग काकांनी विचारलेले प्रश्न जसेच्या तसे मथळे करायचे आन् खाली दोन-चार ओळींत सरळ उत्तर. रेट लिहा. बदलतो म्हणून लिहीत नाहीत लोक, तर शेजारी तारीख टाका, 'जून महिन्याचा दर' म्हणून. जालन्याच्या मोसंबीला २०१६ मधे जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय हे पण लिहायला हरकत नाही, पण ते फळाला आहे हे ध्यानात ठेवा, 'जीआय मानांकित रोपे' असली थाप मारू नका.

फोटो टाकताना कॅमेऱ्यातून निघालेला आठ एमबीचा तसाच टाकू नको. पान उघडायला वेळ लागला की लोक मागं जातात. गूगलचा स्वतःचा निकष असा आहे की पानातला मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, वावरात एका कांडीवर नेट असलेल्या माणसाचा विचार कर. फोटोचं वर्णन लिहायला एक जागा असते, अल्ट टेक्स्ट म्हणतात, तिथं 'रंगपूर खुंटावरील मोसंबी रोप, डोळा एक वीत उंचीवर' असं लिही, नर्सरीचा नंबर लिहू नको.

टिक काढली की गूगलचं सर्च कन्सोल उघड, हे पण फुकट. साइट तुमचीच आहे हे सिद्ध करायला एक कोड टाकावा लागतो, तो कसा टाकायचा ते तिथंच दाखवतात. मग वरच्या खोक्यात पानाचा पत्ता टाकून 'इंडेक्सिंगची विनंती' दाब आन् साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पानांची यादी, दे. काही दिवस लागतात, कधी आठवडे, रोज बघत बसू नको. नंतर परफॉर्मन्स नावाच्या भागात दिसायला लागेल की लोक काय टाइप करून तुमच्यापर्यंत आले, किती वेळा दिसलात, किती जणांनी दाबलं. सोळा महिन्यांपर्यंतचा हिशोब ठेवतं ते. तो रंगीत रिपोर्ट फेकून दे आन् हे बघ. 'दिसलो खूप पण दाबलं कुणी नाही' असं एखाद्या शब्दाला आलं तर टायटल चुकलंय, आन् 'मोसंबी डिंक्या रोग उपाय' असलं काही टाकून लोक यायलेत असं दिसलं तर त्यावर वेगळं पान कर. तुझा विषयच आहे तो.

---

बदनापूरकर_पोरगा

सगळ्यांचे लई लई आभार. मामाला सांगितलं. मामा काही बोलला नाही, चहा प्यायला आन् त्या माणसाला फोन लावला. तो म्हणे टिक राहून गेली असंल, काढून देतो, पण पासवर्ड द्यायला मागंना. म्हणाला डोमेन आमच्याकडूनच मॅनेज होतं, तुम्ही दुसरीकडं गेलात तर साइट बंद पडंल. हे खरंय का? असं करू शकतो का तो?

आन् बिझनेस प्रोफाइल उघडायला गेलो तर तिथं आधीच नर्सरीच्या नावानं एक आहे, कुणी केलं माहीत नाही, फोटो शेजारच्या ढाब्याचा आहे 😐

---

कोडवाला_चिकलठाणा

ढाब्याचं सोपं आहे. ते प्रोफाइल उघड, खाली 'या व्यवसायाचे मालक आहात का' असं काहीतरी दिसेल, तिथनं दावा कर. बहुतेक नर्सरीच्या पाटीचा आन् आवाराचा व्हिडिओ काढून पाठवायला सांगतील, लायसनचा कागद पण जवळ ठेव. नवीन दुसरं उघडू नको, एका जागेची दोन झाली की अजून घोळ.

डोमेनचं जरा बघावं लागेल. कंप्युटरवर हूइज नावाची सोय असते, तिथं डोमेनचं नाव टाक, कुठल्या रजिस्ट्रारकडं, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीकडं, आहे आन् मुदत कधी संपते ते दिसेल. मालकाचं नाव हल्ली बऱ्याचदा झाकलेलं असतं. मामाच्या ईमेलवर घेतल्या वेळचं बिल किंवा मेल आहे का शोध. मामाच्या नावावर असेल तर तो डोमेन अडवून ठेवू शकत नाही, रजिस्ट्रारला सांगून लॉगिन परत मिळतं. त्याच्या नावावर असेल तर गोडीनं घे, ट्रान्सफरचा एक कोड असतो, ईपीपी कोड म्हणतात, तो आन् वर्डप्रेसचं ॲडमिन लॉगिन एवढं मागायचं. तोवर एसईओचा पुढचा हप्ता देऊ नका पण भांडू पण नका, कोड हातात पडू द्या. नाहीच दिला तर सोडून द्या तो डोमेन, तसंही त्याच्यावर गूगलचं एक पान नाही, तुमचं जाणार काय? नवीन घ्या मामाच्या नावावर, मामाच्या ईमेलवर, मामाच्या कार्डावर. आन् बिझनेस प्रोफाइलवर, पत्रकावर, पाटीवर सगळीकडं तोच पत्ता आन् तोच फोन टाका.

---

अंबडचा_बागवान

ढाब्याचा फोटो मी बघितला होता गेल्या साली. मला वाटलं जेवणाची सोय आहे.

पोरा, लिंबाची रोपं किती आहेत रे मामाकडं? बांधाला लावायची होती. रेट इथंच लिही, फोन करायला लावू नको.